सांगून निघणाऱ्या टेंभुर्णे मॅडम

सरकारी ऑफिसात टेबल रिकामं असणारी माणसं दोनच प्रकारची. एक, ज्याची बदली झाली तो. दुसरा, ज्याला कामं सांगून सांगून साहेबच थकले तो. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या ऑफिसात मी रुजू झाले त्या दिवशी खिडकीजवळचं ते लख्ख रिकामं टेबल पाहून मला वाटलं, चला, जागा तर झकास मिळाली. पर्स ठेवली, खुर्ची ओढली आणि खुशाल बसले.

मागून आवाज आला, "बस व पोरी, बस. पाणी पिली का?"

त्या टेंभुर्णे मॅडम. आमच्या ऑफिसच्या अधीक्षक. ते टेबल त्यांचंच होतं, आणि ऑफिसातलं सगळ्यात जास्त काम त्याच टेबलावरून व्हायचं. मी चटका बसल्यासारखी उठले, तर म्हणाल्या, "उठून काऊन राहिली? आधी पाणी पी. मग उठ."

आमचं खातं कोणतं ते मी सांगणार नाही. सांगितलं की लोक अर्ज घेऊन थेट घरी येतात, हा अनुभव आहे. एवढंच सांगते की गावोगावचे तलाव, विहिरी, नळ यांच्या दुरुस्तीचे कागद आमच्याकडून गोंदियाला जातात. पाणी कमी पडलं की लोक आमच्यावर ओरडतात, जास्त झालं तरी आमच्यावरच ओरडतात. मी सडक अर्जुनीची, हायवेवर ट्रकवाल्यांची भांडणं ऐकत वाढलेली, त्यामुळे ओरडण्याचं मला काही वाटत नाही. मीही ओरडते. पण मॅडमपुढे माझा आवाज कधी चढला नाही, कारण मी वाक्य पूर्ण करेपर्यंत त्या काम करून मोकळ्या झालेल्या असायच्या.

बुटक्या बांध्याच्या, सावळ्या. इस्त्रीची सुती साडी आणि साडीखाली चक्क खेळाडूंचे बूट. स्कूटीची किल्ली दोरीत ओवून गळ्यात. हेल्मेट खुर्चीच्या पाठीला टांगलेलं. डबा खायच्या तो उभ्यानं, खिडकीपाशी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं, ही बाई शर्यतीला निघाली आहे आणि शिटी वाजायची वाट पाहते आहे.

खरं म्हणजे तसंच होतं. ती शिटी म्हणजे घरचा फोन.

मॅडमना एकच मुलगी, पल्लवी. तिला सिकलसेल. आमच्या भागात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, प्रत्येक मोहल्ल्यात एखादं घर असतंच. बाहेरच्यांसाठी सांगते: रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, नसांत अडकतात, आणि मग हाडांतून अशा कळा उठतात की धट्टंकट्टं माणूसही लोळून ओरडेल. थंडी लागली, ऊन लागलं, पाणी कमी प्यायलं, काहीही निमित्त पुरतं. मॅडमचे मिस्टर नागपूर-रायपूर रोडवर ट्रक चालवायचे, कधी येतील त्याचा नेम नाही. कुडव्याच्या घरी म्हातारी सासू आणि शाळकरी पल्लवी. सासूबाईंचा फोन यायचा आणि त्या एकच शब्द बोलायच्या, "उठलं." की मॅडम निघाल्या. गोरेगावाहून कुडवा, तिथून पोरीला घेऊन गोंदियाचा दवाखाना.

म्हणजे मॅडमसमोर प्रश्न एकच होता आणि तो रोजचा होता. फोन आला की त्याच क्षणी उठून जाता आलं पाहिजे. आणि नोकरीही टिकली पाहिजे, कारण औषधपाणी नोकरीवरच चालायचं. दुसरी एखादी बाई रडून-भेकून, साहेबांच्या पाया पडून दिवस काढती. मॅडमनी त्याऐवजी काम करायची एक रीत बसवली.

ती रीत मला कशी कळली, ते सांगते. रुजू होऊन थोडे दिवस झाले होते. आपण किती कामाचे आहोत हे दाखवायची मला भारी हौस. एक फाईल उघडायची, तेवढ्यात दुसरी आठवली की ती काढायची, मध्येच तिसऱ्या गावच्या ग्रामसेवकाला फोन लावायचा. टेबलावर उघड्या फायलींचा असा पसारा की गोरेगावचा आठवडी बाजार बरा. मॅडम येऊन उभ्या राहिल्या. कमरेवर हात.

"एवढे पऱ्हे उपटले कोणी?"

मी म्हटलं, "मॅडम, सगळं चालू आहे. सगळ्यांवर थोडं थोडं काम करून राहिली ना."

"घरी धान हाय का तुमच्या?"

"आहे की."

"कधी रोवणीले गेली?"

गेले नव्हते. आमच्याकडे धानाची शेती असली तरी रोवणीला, म्हणजे पऱ्हे ही कोवळी रोपं उपटून चिखलात लावायला, मजूर बायका यायच्या आणि मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून भुईमुगाची फल्ली खायची. मॅडम मात्र शिकत असताना दर पावसाळ्यात आईबरोबर लोकांच्या शेतात रोवणीला गेलेल्या. म्हणाल्या, "पऱ्हे उपटले की ते त्याच दिवशी चिखलात गेले पाह्यजे. उपटून धुऱ्यावर टाकले आन चहा प्याले गेली, तर पिवळे पडतात. जेवढं रोवणं होते, तेवढंच उपटा लागते. तू इथं सगळ्या गावाचं उपटून ठेवलं. आता कोणाचं पीक येते सांग बरं?"

मला राग आला. खोटं कायले बोलू, चांगलाच आला. पण एकेक फाईल बंद करून कपाटात ठेवताना माझ्याच लक्षात आलं की त्यांतल्या निम्म्यांत आपण कुठवर आलो होतो, तेच मला आठवत नव्हतं.

मॅडमची पद्धत अशी. एक फाईल काढायची. तिचा जो टप्पा आज होण्यासारखा असेल तो पुरा करायचा, सही, जावक नंबर, सगळं. मग ती पुढे रवाना किंवा कपाटात परत, आणि मगच दुसरी. त्याला त्या 'बांधी पुरी करणं' म्हणायच्या. शेताचा एकेक तुकडा म्हणजे बांधी, अर्धी रोवलेली बांधी सोडून कोणी घरी जात नाही. मध्येच कोणी गप्पा मारायला आलं की मॅडम मान वर न करता म्हणायच्या, "बांधीत हाय मी." त्यावर कलेक्टर ऑफिसचा माणूससुद्धा बाकावर जाऊन बसायचा.

आणि त्यांच्या खुर्चीची जागा! बाकीचे सगळे बाकी कामाच्या कपाटाकडे तोंड करून बसत. मॅडमचं कपाट त्यांच्या पाठीमागे. समोर फक्त झालेल्या कामाचा रॅक. मी विचारलं, तर म्हणाल्या, "रोवणारी बाई मागं मागं सरकते. तोंड रोवलेल्याकडे, पाठ उरलेल्याकडे. उरलेलं पाहत राहिली तर कंबर तिथंच बसते. रोवलेलं हिरवं दिसते ना, त्याच्यावर हात चालते."

मला चेष्टा सुचली. "पण मॅडम, मागं मागं जाता जाता पाठीमागं विहीर असली तर?"

"म्हणून तर धुऱ्यावरच्याले सांगून ठेवा लागते," मॅडम म्हणाल्या, आणि अजिबात हसल्या नाहीत.

हे धुऱ्यावरचं सांगणं म्हणजे त्यांच्या रीतीचा गाभा. खेड्यात शेतातून घरी जाताना माणूस शेजारच्या बांधीवाल्याला सांगून जातो: माझं पाणी इथपर्यंत आलं, इथून फोडलं आहे, रात्री भरलं तर बंद करजो. तसं ऑफिस सुटायच्या आधी मॅडम शेजारच्या टेबलापाशी यायच्या आणि तोंडी सांगायच्या: अमुक गावचं अंदाजपत्रक तपासून झालं, फक्त साहेबांची सही बाकी. तमुक तलावाचा नकाशा उद्या येईल, आला की लाव. ऐकणाऱ्यानं ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. चुकलं तर पुन्हा. शेवटी मॅडम विचारायच्या, "आलं तुझ्याकडे?" आणि समोरच्यानं म्हणायचं, "आलं." मगच हेल्मेट डोक्यावर चढायचं. हळूहळू त्यांनी सगळ्या ऑफिसला ही सवय लावली. प्रत्येकाचा एक धुरेकरी, म्हणजे सांगणं ऐकून घेणारा, ठरलेला. मॅडमची धुरेकरीण मी, माझा पलीकडच्या टेबलावरचा कोडापे, कोडाप्याचे बिसेनभाऊ आणि बिसेनभाऊंचा परत कोडापे.

बिसेनभाऊ पोवार समाजाचे, घरी पोवारी बोली, गावात हिंदी, ऑफिसात दोन्हीचा काला. त्यांनी सुरुवातीला या प्रकाराची भरपूर टिंगल केली. "अरे यार मॅडम, ये क्या शाळा भरवली? संध्याकाळी पाढे म्हणून राहिलो आम्ही!" कोडापे मात्र शिस्तीचा माणूस. एकदा सांगणं आलं की ते त्याच्याकडे आलं, मग आभाळ कोसळो.

एका संध्याकाळी बिसेनभाऊंनी गंमत म्हणून कोडाप्याला ऑफिसचं सांगून झाल्यावर वर जोडलं, "और सुन, उद्या सकाळी माझ्या मोठीले पाहाले पाहुणे येऊन राहिले. मी नसलो तर तू पाह्य." कोडाप्यानं गंभीरपणे परत म्हणून दाखवलं: उद्या सकाळी, मोठी, पाहुणे. "आलं माझ्याकडे." सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी भल्या पहाटेच बिसेनभाऊंना एका दूरच्या तलावाच्या पाहणीला जावं लागलं. सकाळी परत येणार होते, तर जंगलाच्या रस्त्यात जीप बंद पडली. फोनला रेंज नाही. इकडे पाहुणे दारात. आणि त्यांच्या मागोमाग दारात कोडापे, भांग पाडलेला, नवा शर्ट. त्यानं वहिनींना सांगितलं, "भाऊचं माझ्याकडे आहे." पाहुण्यांना बसवलं, पोहे दिले, मुलाची नोकरी, दारू, जमीन सगळं विचारलं. वहिनींना आत जाऊन सांगितलं, पोरीला विचारून आला, मुलाला आणि मुलीला परसात बोलायला पाठवलं. बिसेनभाऊ चिखलानं माखून दुपारी घरी पोचले तेव्हा पाहुणे सुपारी खात होते आणि मोठी लाजून आत पळाली होती. बांधी पुरी झाली होती! लग्नाच्या तारखेपुरती कोडाप्यानं भाऊंची वाट पाहिली होती, एवढाच काय तो मान. ते लग्न झालं, नातू झाला, सगळं सुरळीत आहे. पण त्या दिवसानंतर बिसेनभाऊ सांगताना फार जपून बोलू लागले.

मॅडम देवमाणूस होत्या असं मात्र मी म्हणणार नाही. त्यांच्याबरोबर काम करणं म्हणजे डोक्याला ताप होता. कोणी काही रंगवून सांगायला लागलं की म्हणायच्या, "शेवट सांग आधी." वाढदिवसाचा केक कापायच्या आधीच त्या आपला तुकडा खाऊन जागेवर. लग्नात वरात मंडपात यायच्या आधी जेवून घरी. विहारातल्या कार्यक्रमालाही दाराजवळची जागा. कौतुक म्हणून करायच्या नाहीत. मी एकदा एक किचकट प्रस्ताव एकटीनं पुरा केला आणि त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले, तर वर पाहून म्हणाल्या, "झालं ना? मग उभी कायले?" त्या दिवशी मी घरी जाऊन अर्धा तास त्यांच्या नावानं बोटं मोडली. आणि दर चहाला तोच फोन: "पल्लवी, पाणी पिली? किती? आणखी पी." मग फोन ठेवून तोच प्रश्न आम्हाला. मॅडमच्या हाताखाली नोकरी केलेल्या माणसाला मुतखडा होणं शक्य नाही.

सगळं असं ठीक चाललं होतं आणि नवे साहेब आले. सांगलीकडचे, तरुण, हुशार, हाताचे स्वच्छ. पण जो उशिरापर्यंत बसतो तो काम करतो, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. ते स्वतः दिवे लागल्यावरही बसून राहायचे. त्यांना दिसायचं काय, तर रिकामं टेबल, पाठीमागे कपाट, गळ्यात किल्ली आणि वेळेवर, कधी कधी भरदुपारी, निघून जाणारी अधीक्षक. त्यांनी मॅडमना बोलावलं. दार उघडंच होतं, आम्हाला सगळं ऐकू आलं.

"मॅडम, तुमची अडचण मी समजतो. पण ऑफिस अडचणीवर चालत नाही. पुढच्या महिन्यात बदल्यांचे प्रस्ताव जातील. देवरीच्या बाजूला एक जागा आहे, तिथं काम कमी आहे. तुम्हाला बरं पडेल."

देवरी! तिथून कुडव्याला यायचं म्हणजे जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. फोन आल्यावर मॅडम पोचेपर्यंत पोरीनं कळा कुणाच्या मांडीवर सोसायच्या? म्हाताऱ्या आजीच्या? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठणार, तेवढ्यात मॅडम बाहेर आल्या. चेहरा उतरलेला. खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या आणि कपाटातून पुढची फाईल काढली.

"मॅडम, तुम्ही काही बोलल्या का नाही?" मी विचारलं.

"बांधीत हाय मी," त्या म्हणाल्या. पण तेच पान त्यांनी दोनदा उलटलं. पहिल्यांदाच.

मग मार्चचा शेवट आला. सरकारी नोकरीतल्या माणसाला मार्च म्हणजे काय ते सांगायला नको. एका गावच्या तलावाची पाळ खचली होती. दुरुस्तीचा प्रस्ताव त्या दिवशी संध्याकाळच्या आत गोंदियाला पोचला नाही तर मंजुरी हुकणार आणि येत्या पावसाळ्यात पाळ फुटून धानात पाणी घुसणार. साहेबांनी सकाळीच बजावलं, आज कोणी हलायचं नाही. प्रस्ताव मॅडमच्या हातात होता.

दुपारी फोन वाजला. मॅडमनी कानाला लावला. त्यांचं तोंड पाहूनच आम्हाला कळलं, उठलं.

त्या उभ्या राहिल्या. साहेब केबिनमधून बाहेर आले. "मॅडम, आज नाही. प्लीज. आज नाही."

"साहेब, सांगून जाऊन राहिली," मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "वर्षा. अंदाजपत्रक तपासलं, नकाशा लावला. ठरावाच्या नकलेवर सरपंचबाईची सही राहिली. बाई लग्नाले सडक अर्जुनीले गेली हाय. ती आली की साहेबाची सही आन रवाना."

मी परत म्हणून दाखवलं. एक शब्द चुकले नाही.

"आलं तुझ्याकडे?"

"आलं."

आणि त्या गेल्या. स्कूटीचा आवाज फाटकाबाहेर गेला तरी साहेब तिथंच उभे. "आता? आता हे कोण करणार?"

मी म्हटलं, "मी. माझ्याकडे आलं आहे." माझ्या हातातलं काम मी उचलून कोडाप्याकडे दिलं, त्याला मला काही सांगावं लागलं नाही, आदल्या संध्याकाळी सगळं त्याला सांगितलेलंच होतं. कोडाप्याचं बिसेनभाऊंकडे सरकलं, पण भाऊ म्हणाले, "ते ठेव तिथंच, सडक अर्जुनीची सही मी आणतो," आणि ठरावाची नक्कल शर्टात घालून मोटरसायकलवर सुटले. सरपंचबाई मंडपात वरमाईशेजारी बसलेल्या. भाऊंनी तिथंच, आहेराच्या पेटीवर कागद ठेवून सही घेतली आणि वर वधूवरांना आशीर्वादही देऊन आले. परत आल्यावर साहेबांची सही झाली. कोडापे आणि बिसेनभाऊ प्रस्ताव घेऊन गोंदियाला गेले आणि ऑफिस बंद व्हायच्या आत पोच घेऊन बाहेर पडले.

साहेब हे सगळं पाहत होते. कोणाला काही विचारावं लागलं नाही, कोणी कोणावर ओरडलं नाही. मीसुद्धा नाही.

बिसेनभाऊ आणि कोडापे गोंदियाहून परत आले नाहीत, तसेच दवाखान्यात गेले. पल्लवीचं त्या वेळी फार बिनसलं होतं. रक्त द्यावं लागणार होतं. बिसेनभाऊंचा गट जुळला आणि त्यांनी बाही वर केली. तेव्हापासून आजपर्यंत ते पल्लवीला भेटले की हेच म्हणतात, "तुझ्या अंगात पोवारी रक्त हाय, आता तुले पोवारी बोलता आली पाह्यजे." आणि पल्लवी खरंच दोन-चार वाक्यं शिकली आहे, भाऊंना चिडवण्यापुरती.

त्या संध्याकाळी दवाखान्यातून कोडाप्याचा फोन आला की पोरगी आता शांत झोपली आहे. मी साहेबांना सांगायला गेले. ते मोबाईल हातात धरून बसले होते. म्हणाले, "सांगलीला वडील एकटे असतात. आज दुपारपासून त्यांचा फोन येत होता. मी उचलला नाही." मग शाळेतल्या नव्या मुलासारखे चाचरत, "मला... म्हणजे मी कोणाला सांगायचं असतं?"

मी म्हटलं, "मॅडम आल्या की त्यांना सांगा, साहेब. आज मला सांगा."

त्यांनी सांगितलं. मी परत म्हणून दाखवलं. आणि दुसऱ्या दिवशी साहेब पहिल्यांदा उजेड असताना घरी गेले. देवरीचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढच्या वर्षी स्वतःची बदली झाली तेव्हा जाताना साहेबांनी मॅडमपाशी उभं राहून सगळं सांगितलं, चांगलं पाऊण तास, आणि मॅडमनी ते सगळं ऐकून घेतलं, एकदाही "शेवट सांग आधी" म्हणाल्या नाहीत.

पल्लवी त्याच रीतीनं शिकली. उद्या दुखणं उठेल की नाही कळत नाही, म्हणून आज उघडलेला धडा आजच पुरा. दवाखान्यात भरती झाली की शेजारच्या बाकावरची मैत्रीण येऊन वर्गात कुठपर्यंत झालं ते सांगायची. नव्या गोळ्या लागू पडल्या, कळा यायचं प्रमाण कमी झालं. बारावीनंतर तिनं रक्त तपासणीचा कोर्स केला, आणि आता गोंदियाला एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत ती कामाला आहे. सूक्ष्मदर्शकातून लोकांच्या विळ्यासारख्या पेशी तीच पाहते आणि घाबरलेल्या आयांना सांगते, "घाबरू नका, मी पण तशीच हाय. पाणी पाजा."

आणि मॅडमचा शेवटचा दिवस. निरोप समारंभ. हॉलमध्ये मॅडमना मधोमध बसवलेलं, शाल, नारळ, हार. पायात बूटच. बिसेनभाऊ भाषणाला उभे राहिले आणि मोठीच्या लग्नाच्या गोष्टीला पार मुळापासून सुरुवात केली. तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला.

 एवढ्या वर्षांची सवय, कोणी विसरतं का? कोडापे उठून हेल्मेट आणायला धावला. माझा हात आपोआप पुढे झाला, काम घ्यायला. मॅडमनी फोन कानाला लावला. ऐकलं. "बरं," म्हणाल्या आणि फोन पर्समध्ये ठेवला.

"काय झालं?" मी विचारलं.

"पल्लवी म्हणते, उठू नको. तिची ड्युटी झाली. ती घ्याले येऊन राहिली."

मग त्या बसून राहिल्या. बिसेनभाऊंचं भाषण, पोहे, सुपारी, जीप सगळ्यांसकट, पुरं ऐकलं. पहिल्यांदाच एखादा कार्यक्रम त्यांनी शेवटपर्यंत पाहिला. केक कापल्यावर खाल्ला.

पल्लवी आली. नवी स्कूटी, खांद्याला बॅग, अंगानं बारीकच, पण डोळे आईसारखे. दारातूनच म्हणाली, "आई, पाणी पिली का?" आणि अख्खं ऑफिस हसायला लागलं. मॅडम हसल्या आणि रडल्याही, दोन्ही एकदम.

निघायची वेळ झाली. सवयीनं मॅडम माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. "वर्षा," म्हणाल्या, आणि थांबल्या. सांगायला काहीच नव्हतं. कपाटाच्या किल्ल्या दिल्या होत्या, फायली दिल्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं अडलेलं कधी पाहिलं नव्हतं. 

पल्लवी पुढे आली. "मावशी, आईचं मला सांगा ना. कुठपर्यंत आलं?"

मी सांगायला लागले. "उजवा गुडघा दुखतो, सांगत नाही. बीपीची गोळी दुपारची असली की विसरते. डबा उभ्यानं खाते, तिला बसव. स्कूटी फार जोरात चालवते, किल्ली तू ठेव. झोप कमी झाली की चिडते, तेव्हा उलट बोलू नको."

पल्लवीनं परत म्हणून दाखवलं. गुडघा, गोळी, डबा, किल्ली, झोप. एकही चुकलं नाही.

"आलं तुझ्याकडे?" मी विचारलं.

"आलं."

मॅडमनी गळ्यातली किल्लीची दोरी काढली आणि पोरीच्या हातात दिली. 

मॅडमची जुनी स्कूटी कोडापे दुसऱ्या दिवशी ड्रॉवरमधल्या जादा किल्लीनं पोचवणार होता. पल्लवीनं नवी सुरू केली. मॅडम मागे एका अंगानं बसल्या, आणि गाडी हलताच वळून आमच्याकडे तोंड केलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान उभं होतं. त्या वळणापर्यंत आमच्याकडेच पाहत गेल्या, पाठ पुढच्या रस्त्याकडे.

बिसेनभाऊ डोळे पुसत म्हणाले, "अरे यार, ही बाई अजून मागं मागंच जाऊन राहिली. पाठीमागं विहीर असली तर?"

"असू दे ना भाऊ," कोडापे म्हणाला. "गाडी पल्लवी चालवून राहिली."